शिक्षणासाठी संस्था काढताना आधी काय ठरवावे

गरीब मुलांच्या शिक्षणासाठी काहीतरी केले पाहिजे असे मनात आलेली मंडळी बहुधा आधी संस्थेचे नाव ठरवतात, मग बोधचिन्ह करून घेतात, सात सभासद जमवून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज देतात आणि नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आल्यावर काम कोणते करायचे याची चर्चा सुरू करतात. हा क्रम उलटा असायला हवा. कोणत्या मुलांची नेमकी कोणती अडचण आपण दूर करणार हे आधी ठरले, तर संस्थेचे कायदेशीर स्वरूप कोणते घ्यावे, वर्षाला खर्च किती येईल, पैसा कोणाकडे मागता येईल आणि कोणाकडे नाही, ही पुढची बहुतेक उत्तरे त्यातूनच निघतात. ते न ठरवता नोंदणी केली, तर दरवर्षी हिशेब तपासून घेण्याचे आणि विवरणपत्रे भरण्याचे बंधन तेवढे पदरात पडते.

अडचण नेमकी कोणती?

महाराष्ट्रात ज्या शैक्षणिक कामांची नावे आपण आदराने घेतो, ती सगळी अशा एखाद्या नेमक्या अडचणीतून उभी राहिलेली आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, कारण मुलींना शाळेचे दारच उघडे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात शाळा होत्या, पण खेड्यातून आलेल्या बहुजन समाजातील मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नव्हते. म्हणून तिथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्यासमोरचा विद्यार्थी खर्च भागवू न शकणारा होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी श्रम करून शिकण्याची वाट काढली. तीन काळांतल्या या तीन अडचणी होत्या आणि त्यांवरची उत्तरेही तीन निघाली.

आजची परिस्थिती पुन्हा वेगळी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिकवणे ही शासनाची जबाबदारी ठरली. वयाचा दाखला नाही किंवा शाळा सुरू होऊन काही महिने झाले आहेत, एवढ्या कारणावरून मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. ग्रामीण भारतातील घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार २०२४ मध्ये या वयोगटातील ९८ टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेच्या पटावर होती. त्याच पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले मात्र २७.१ टक्के निघाली. तेव्हा नवी शाळा काढणे हा आज बहुतेक ठिकाणी चुकीचा पहिला विचार आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवणे या कायद्याने दंडनीय आहेच, शिवाय इमारत, जागा आणि शिक्षकांचे पगार यांत नवख्या संस्थेची सगळी शक्ती खर्च होते.

मग अडचण असते कुठे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या गावांतले उदाहरण घेऊ. मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेत एक ‘कोयता’, दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघतात आणि साधारण गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मूल सोबत गेले तर शाळेच्या वर्षाचा मोठा भाग उसाच्या फडात जातो. थोरले असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणे हे त्याचे काम ठरते. पटावर त्याचे नाव असते, तो पुढच्या वर्गातही जातो, पण वाचन मागेच राहते. त्या मुलाला दप्तर, वही आणि गणवेश वाटून काहीही बदलत नाही. त्याला हंगामाच्या काळात गावातच, आजीजवळ किंवा नातेवाइकांकडे राहता येईल अशी सोय हवी आहे. शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना याचसाठी आहे. तिचे अनुदान हंगाम सुरू होण्याआधी गावात पोचावे, जेवण वेळेवर मिळावे आणि संध्याकाळी अभ्यास घ्यायला कोणीतरी असावे, एवढेच काम एखाद्या लहान संस्थेने दहा गावांत धरले तरी ते भरपूर आहे.

शहरात हीच गोष्ट बांधकामाच्या साइटवर दिसते. काम संपले की कुटुंब दुसऱ्या साइटवर जाते, म्हणून मूल एका शाळेत टिकत नाही. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने वर्गच बसमध्ये भरवून मुलांच्या वस्तीपर्यंत नेला, तो ही अडचण पाहूनच.

तिसरा प्रकार शाळेत नियमित येणाऱ्या, पण मागे पडलेल्या मुलांचा. प्रथम या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईत ‘बालसखी’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळातच दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना मुळापासून वाचन आणि अंकगणित शिकवी. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाची शास्त्रीय पद्धतीने चाचणी झाली. काही वर्गांना बालसखी मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि दोहोंच्या गुणांची तुलना करण्यात आली, तेव्हा बालसखी असलेल्या वर्गांतील मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती. हे संशोधन करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच प्रयोगांच्या पद्धतीसाठी. मुलाला त्याच्या इयत्तेप्रमाणे शिकवण्याऐवजी तो जिथे आहे तिथून शिकवणे, हा या कामाचा गाभा आहे.

मूल कुठे आहे हे शोधायला महागडी साधने लागत नाहीत. ‘असर’ पाहणीत वापरतात तसा एक कागद पुरतो: त्यावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मुलाला एकट्याने जवळ बसवून वाचायला सांगायचे आणि तो जिथपर्यंत सहज वाचतो ती त्याची पातळी म्हणून लिहून ठेवायची. तीन महिन्यांनी पुन्हा तेच करायचे. संस्थेच्या कामाचा यापेक्षा प्रामाणिक अहवाल दुसरा नाही, आणि देणगीदारासमोर ठेवायला तो वाटपाच्या छायाचित्रांहून कितीतरी बरा.

चौदा वर्षांनंतर कायद्याचे संरक्षण संपते आणि नववीपासून अडचणींचे रूप बदलते. हायस्कूल दुसऱ्या गावात असते, एसटीची वेळ जुळत नाही आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. याच वयात शिष्यवृत्तीही महत्त्वाची ठरते. पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि ऑनलाइन अर्ज या साखळीतली एक कडी तुटली की मंजूर झालेले पैसेही मुलापर्यंत येत नाहीत. दाखले काढून देणे हे दिसायला किरकोळ काम आहे. माझ्या मते मात्र दर रुपयामागे मुलाचा सर्वांत जास्त फायदा करणाऱ्या कामांत त्याची गणना व्हावी, कारण तिथे संस्थेचा थोडा खर्च मुलाला त्याच्याच हक्काची मोठी रक्कम मिळवून देतो.

नोंदणीचे मार्ग

अडचण ठरली की स्वरूपाचा प्रश्न येतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सार्वजनिक न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा. काही विश्वस्त न्यासपत्र करतात आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणीसाठी अर्ज करतात. न्यास अस्तित्वात आल्यापासून तीन महिन्यांत हा अर्ज करणे अपेक्षित आहे. इथे सूत्रे थोड्या लोकांच्या हाती राहतात, निर्णय लवकर होतात आणि अंतर्गत निवडणुकांचा प्रश्न सहसा येत नाही.

दुसरा मार्ग संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालच्या संस्थेचा. त्यासाठी किमान सात सभासद लागतात, घटना आणि नियमावली लागते, आणि कार्यकारी मंडळ ठरावीक मुदतीने निवडले जाते. महाराष्ट्रात अशी धर्मादाय उद्देशाची संस्था १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणून इथल्या संस्थांकडे दोन प्रमाणपत्रे असतात. बाहेरच्या राज्यातून आलेल्या सल्लागारांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि एकाच प्रमाणपत्रावर काम भागेल असे ते सांगतात.

तिसरा मार्ग कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपनीचा. दोन संचालकांवरही ती उभी राहते आणि मोठ्या कंपन्यांना तिचा कारभार परिचित वाटतो, मात्र कंपनी निबंधकाकडे करायच्या वार्षिक पूर्तता अधिक आणि खर्चिक असतात. एका तालुक्यात अभ्यासिका चालवायची असेल तर या मार्गाला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

यापैकी काहीही निवडले तरी उद्देशांचे कलम स्वतः बसून लिहावे. बाजारात मिळणाऱ्या तयार मसुद्यात शाळा, महाविद्यालय, रुग्णालय, गोशाळा, वृक्षारोपण, वृद्धाश्रम आणि क्रीडा स्पर्धा असे पन्नास उद्देश एका ओळीत असतात, आणि पुढे लागेल म्हणून लोक ते जसेच्या तसे ठेवतात. उद्देश थोडे व्यापक असावेत हे खरे, कारण नंतर घटनेत दुरुस्ती करणे किचकट असते. पण शिक्षणाशी संबंधित कामे स्पष्ट शब्दांत आलीच पाहिजेत, लाभ जात, धर्म किंवा ठरावीक कुटुंबे यांपुरता मर्यादित नसावा आणि संस्थेचा नफा सभासदांत वाटला जाणार नाही हे वाक्य त्यात असावे. आयकर खात्याकडे करसवलतीसाठी गेल्यावर हीच पाने पुन्हा वाचली जातात.

आणखी एक पर्याय मी बहुतेकांना आधी सुचवतो. परिसरातल्या एखाद्या विश्वासू, आधीपासून नोंदलेल्या संस्थेचा प्रकल्प म्हणून पहिले वर्ष काम करावे. पावती त्यांची, हिशेब त्यांचा, काम तुमचे. वर्षभरात काम झेपते का, माणसे टिकतात का आणि मुलांना त्याचा उपयोग होतो का हे कळते. ही व्यवस्था लेखी असावी आणि प्रकल्पाचा पैसा वेगळ्या खात्यावर दाखवला जावा, एवढी काळजी पुरे.

पैसा

एका गावात तीस मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग वर्षातून दहा महिने चालवायचा आहे असे समजा. शिकवणाऱ्या दोन ताईंना दरमहा प्रत्येकी ८,००० रुपये मानधन धरले तर १,६०,००० रुपये झाले. दोनशे दिवस प्रत्येक मुलाला १५ रुपयांचा खाऊ दिला तर ९०,००० रुपये, खोलीचे भाडे आणि वीज मिळून ३०,००० रुपये, पुस्तके आणि साहित्य २४,००० रुपये, देखरेख करणाऱ्याचा प्रवास ३६,००० रुपये, आणि हिशेब व लेखापरीक्षण २०,००० रुपये. एकूण ३,६०,००० रुपये, म्हणजे प्रत्येक मुलामागे वर्षाला १२,००० रुपये. हे आकडे गावागणिक बदलतील, पण त्यांचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. सर्वांत मोठा खर्च शिकवणाऱ्या माणसाचा आहे. ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांवर खर्च होतो, पगारावर नाही’ असे पत्रकात छापणाऱ्या संस्था देणगीदाराची दिशाभूल करतात, कारण शिक्षणात मुलावर होणारा खर्च म्हणजे प्रामुख्याने शिक्षकाचेच मानधन.

हे ३,६०,००० रुपये आणायचे कुठून? महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांनी लहान लहान देणग्यांवर भर दिला. रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढण्याचा मुष्टिफंड होता आणि महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी स्वयंसेवक दिवाळीत भाऊबीज निधी गोळा करत. दरमहा १,००० रुपये देणारी तीस माणसे मिळाली तर वरच्या उदाहरणातला वर्ग वर्षभर चालतो, आणि त्यातला एक देणगीदार गळाला तरी वर्ग बंद पडत नाही. एकाच मोठ्या देणगीदारावर उभ्या राहिलेल्या संस्थेला हे सुख नाही.

देणगीदार हमखास विचारतो ती गोष्ट म्हणजे करसवलत. त्यात दोन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर लागू नये म्हणून असते. तिला बोलण्यात अजून ‘बारा-ए’ म्हणतात. दुसरी ‘ऐंशी-जी’ ही देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून असते. हे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तरी जुनी नावे बोलण्यातून लवकर जातील असे वाटत नाही. नव्या संस्थेला ही नोंदणी आधी तात्पुरती मिळते आणि काम सुरू झाल्यावर ठरावीक मुदतीत ती नियमित करून घ्यावी लागते. ही तारीख चुकली तर सवलत हातची जाते, म्हणून ती पहिल्याच दिवशी सनदी लेखापालांकडून लिहून घ्यावी. मिळालेल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्देशांवर खर्च करायचा, हा यातला मुख्य नियम आहे. अधिक रक्कम साठवायची असेल तर कारण आणि मुदत कळवावी लागते.

देणगीदाराचा फायदाही नीट समजावून सांगावा. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याने १०,००० रुपये दिले, तर सामान्यतः निम्म्या रकमेची, म्हणजे ५,००० रुपयांची वजावट मिळते आणि उपकर सोडून त्याचा १,५०० रुपये कर वाचतो. दहा हजारच्या दहा हजार परत मिळतात असा अनेकांचा समज असतो. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ही वजावट नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे त्यालाही ती मिळत नाही. नवी प्रणाली आता मूळ प्रणाली मानली जात असल्यामुळे, करसवलतीच्या जोरावर देणग्या मागण्याचे दिवस सरत चालले आहेत हे ओळखून असावे.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, तो नव्या संस्थेला सहसा पहिल्या वर्षी मिळत नाही. ज्या कंपन्यांना कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू होते, त्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. मात्र बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे तिची वेगळी नोंदणीही लागते. पहिली तीन वर्षे लहान देणग्यांवर काढण्याची तयारी हवी ती यासाठी.

परदेशातल्या पैशाबाबत मराठी माणसाची गफलत विशेष होते, कारण प्रत्येकाचा एक तरी मामेभाऊ अमेरिकेत असतो. विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी स्रोताकडून एक डॉलरही घेता येत नाही. इथे पाहायचे ते नागरिकत्व. तिथे राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. त्याच गावात राहणाऱ्या मामेभावाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याचा धनादेश विदेशी अंशदान ठरतो, मग तो मूळचा साताऱ्याचा का असेना आणि त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. पासपोर्टची प्रत मागून ठेवणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. ही नोंदणी मिळवायची तर सामान्यतः तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात मूळ उद्देशांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे ‘आमच्या खात्यावर घ्या आणि आम्हाला द्या’ ही जुनी सोय आता बेकायदा आहे.

मुले, विश्वस्त आणि दप्तर

मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग तो स्वयंसेवक का असेना, पोलीस पडताळणी करावी, आणि एकट्या प्रौढाने एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन बसू नये हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, असा अपराध घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवणारा संस्थाप्रमुख स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. अनाथ किंवा निराधार मुलांना निवासी ठेवायचे असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ खाली स्वतंत्र नोंदणी लागते, आणि तो विषय या लेखाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

विश्वस्त निवडताना प्रतिष्ठित नावांचा मोह होतो. माझ्या पाहण्यात संस्थांची अडचण बहुतेक वेळा अशाच नावांनी केली आहे: ती माणसे सभेला येत नाहीत, सही करायला भेटत नाहीत आणि राजीनामाही देत नाहीत. एकाच घरातले नवरा, बायको आणि मेहुणा एवढेच विश्वस्त असणे हे दुसरे टोक. हिशेब समजणारा एक, शाळेत शिकवलेला एक आणि ज्या वस्तीत काम करायचे तिथला एक, एवढी तरी माणसे मंडळात असावीत.

मंडळात कोणताही बदल झाला, कोणी गेले, कोणी नवे आले, की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो. हे काम इतके क्षुल्लक वाटते की ते राहून जाते. पंधरा वर्षांनी बँक सही बदलायला तयार नसते, कारण आयुक्तांच्या दप्तरी अजून जुन्याच विश्वस्तांची नावे असतात आणि त्यांतले काही हयातही नसतात. मग मधल्या प्रत्येक बदलाचा अर्ज, प्रत्येक सभेचे इतिवृत्त आणि विलंबाचे कारण असे सगळे मागे जाऊन उभे करावे लागते. संस्थेच्या नावावर जमीन किंवा इमारत असेल तर ती विकायलाही आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती परवानगी मागणारे विश्वस्त दप्तरात नोंदलेलेच असावे लागतात.

कधी काम संपते, कधी माणसे पांगतात, आणि संस्था बंद करावी असे ठरते. तेव्हा शिल्लक रक्कम, संगणक, पुस्तके किंवा जागा संस्थापकांना परत मिळत नाही, जरी ते सगळे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेले असले तरी. ते समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणून राहत्या घराची खोली वर्गासाठी द्यायची असेल तर ती संस्थेच्या नावावर न करता वापरण्यापुरती लेखी परवानगी द्यावी, आणि घरात कोणाची हरकत असेल तर ते बोलणे नोंदणीच्या आधी करून घ्यावे.